फाइल घाट चढण्याआधी: छोट्या डिझाइन स्टुडिओत या चुका टाळा

आमचा स्टुडिओ चिपळुणात, तिघांचा. कामं म्हणजे आंब्याच्या पेट्या, कोकम सरबताची लेबलं, होमस्टेचे बोर्ड, जत्रेचे फ्लेक्स. फ्लेक्स इथल्या इथे निघतो, पण ऑफसेटचं, म्हणजे प्लेट करून मोठ्या संख्येनं छापायचं काम असलं की आमची फाइल बहुतेक वेळा कुंभार्ली घाट चढून वरच्या प्रेसमध्ये जाते. चूक राहिली तर ती चार दिवसांनी छापील मालासकट खाली येते, आणि तोवर बागेतला आंबा काही थांबलेला नसतो. डिझाइन बहुधा बरंच असतं. घात होतो तो आधी विचारायचं आणि नंतर बघायचं राहून गेल्यामुळे.

आंबा मोबाइलवर पिकतो, खोक्यावर नासतो

एका बागायतदार काकांना पेटीचं डिझाइन व्हॉट्सॲपवर पाठवलं. केशरी-पिवळा, उजळ हापूस. काका खूश. खोकी छापून आली तेव्हा त्यांनी एक हातात घेतलं, उन्हात फिरवून बघितलं आणि म्हणाले, "बाळा, हा आंबा डागी आहे रे."

बरोबरच होतं त्यांचं. मोबाइलचा रंग प्रकाशातून येतो, छपाईचा शाईतून. शिवाय खोक्याचा कागद तपकिरी. त्याच्यावर पिवळी शाई टाकली की खालचा तपकिरी वर डोकावतो आणि पिवळा मळतो. पांढरा कागद खाली नसेल तर हा प्रश्न सॉफ्टवेअरमध्ये सुटत नाही. आमचे आता दोनच रस्ते. बजेट असेल तर वरून पांढरा कागद असलेलं खोकं. नसेल तर आंब्याचा फोटोच टाकायचा नाही. गडद हिरवा आणि लाल, दोन सपाट रंग, जाड अक्षर. मला तर दुसराच रस्ता जास्त आवडतो. मार्केटच्या थप्पीत तीच पेटी लांबून ओळखू येते.

बारीक अक्षर नेहमी फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांतून बनवलेला काळा छपाईत केसभर हलला तरी अक्षराला रंगीत सावली येते. कटिंगच्या बाहेर ३ मिमी ब्लीड सोडा, म्हणजे रंग कापायच्या रेषेपलीकडे तेवढा पसरू द्या. फ्लेक्सला आयलेट (दोरी ओवायच्या कड्या) ठोकतात त्या कडेला दोन-तीन इंच मोकळे ठेवा, नाहीतर अध्यक्षांच्या नेमक्या कपाळाला भोक पडतं. (आमच्याकडे पडलंय.)

'र'चा घोळ

आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीनं एका होमस्टेचा बोर्ड केला होता. नाव दर्याकिनारी. सुंदर अक्षर, निळा रंग, सगळं जागेवर. छापायला सोडणार इतक्यात लक्षात आलं की फलकावर 'दऱ्याकिनारी' लिहिलंय. समुद्राची दरी झाली! उलटी चूक तर रोजचीच: 'किनाऱ्यावर' हवं तिथे 'किनार्यावर'. साध्या र ला हलन्त देऊन य जोडला की रफार येतो. आडवा अर्धा र हवा असेल तर नुक्त्याचा ऱ घ्यावा लागतो, इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे. मोबाइलवर टाइप करून आलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवला की हा घोळ हमखास होतो.

जुन्या फोटोशॉपमध्ये वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जात असेल किंवा जोडाक्षरं फुटत असतील तर फाँटला शिव्या देण्याआधी टाइपच्या सेटिंगमध्ये साउथ एशियन भाषांचा पर्याय आणि वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू आहे का ते बघा. ल आणि श हिंदी वळणाचे येत असतील तर भाषा मराठी निवडून बघा. काही फाँटांमध्ये मराठी रूपं आत असतात, नुसती झोपलेली असतात.

श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटातली कोरलड्रॉची फाइल प्रेसला देताना कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून द्या. तिथे तो फाँट नसेल तर 'शुभविवाह'चं काहीही होऊ शकतं. पण कर्व्ह केलेली फाइल मूळ फाइलवर सेव्ह करू नका. पुढच्या वर्षी फक्त मोबाइल नंबर बदलायला गिऱ्हाईक येतं आणि अख्खी पेटी नव्यानं टाइप करावी लागते.

शेवटचा 'हो' कोणाचा?

ही चूक खास कोकणातली. गावी काका डिझाइन बघतात, "झकास" म्हणतात, ॲडव्हान्स देतात. चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला डोंबिवलीहून मुलाचा फोन येतो: "लोगो जरा मॉडर्न हवा होता." गिऱ्हाईक एक, घरं दोन. आता पहिल्याच भेटीत विचारतो, छापायला सोडायचं ते कोणाच्या शब्दावर? त्या माणसाचा नंबर तिथेच घेतो आणि अंगठ्याच्या इमोजीला होकार धरत नाही. प्रिंट काढून सही घेतो. मुंबईला असेल तर "मजकूर वाचला, छापा" एवढं लिहून मागतो. फोन नंबर त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावतो.

लोगो मागताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून मागू नका, डॉक्युमेंट म्हणून मागा. फोटो वाटेत बारीक होऊन येतो.

लेबल म्हणजे नुसती शोभा नाही

कोकम आगळ असो की काजूची पाकिटं, डिझाइनला बसण्याआधी कागद मागवा: एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) १४ अंकी नंबर, निव्वळ वजन, बॅच, मुदत, पत्ता, शाकाहाराची हिरवी खूण. हे शेवटी कोंबायला गेलं की लेबलची वाट लागते. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं खरं, पण त्याचा लोगो अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असलेल्यालाच वापरता येतो. बागायतदाराकडे नोंदणीचा कागद नसेल तर आम्ही लोगो टाकत नाही, मग तो कितीही रुसो.

नारळ, लाट, होडी

हॉटेल-होमस्टेच्या लोगोत हे तिघं आपोआप येऊन बसतात. सुचत नसेल तेव्हा स्क्रीनसमोर बसून राहणं ही मला सगळ्यात महागडी चूक वाटते. गुहागरच्या बाजूला एका घराचं काम अडलं होतं. सहा लोगो झाले, सहाही माडाचे. शेवटी तिथे जाऊन अर्धा दिवस पडवीत बसलो. जांभ्याची भिंत, तिच्यात गजाची जुनी खिडकी, आणि दुपारी शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडलेली त्या गजांची सावली. लोगो तोच झाला: पाच उभ्या रेघा. घरमालकीण म्हणाली, "ही तर आमची खिडकी." त्यानंतर एकही बदल आला नाही.

असं जाऊन बसायला वेळ पावसातच मिळतो. आंब्याची पेटी मार्चमध्ये सुरू केली तर ती फक्त उरकते. आम्ही बागायतदारांना गणपती झाले की फोन करतो.

एकच टेबल, एकच खण

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. आमचा गाळा तळमजल्यावर. कॉम्प्युटर टेबलावर होता आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन्ही चिखलात गेलं. वाचलं ते गिऱ्हाइकांच्या फोनवरचे फोटो आणि प्रेसला मेल केलेल्या पीडीएफ. त्यातून वर्षभर एकेक पेटी पुन्हा उभी केली.

आता चालू कामं क्लाउडवर असतात आणि एक हार्डडिस्क बहिणीकडे, डोंगराच्या अंगाला. शनिवारी ती डब्याच्या पिशवीतून खाली येते, भरते आणि संध्याकाळच्या एसटीनं परत वर जाते.