गाडीबाहेर लावलेल्या टीव्हीचा आवाज गाडीच्याच स्पीकरमध्ये कसा घ्यायचा

आमची कॅराव्हॅन ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली आहे, आत दोन पलंग, छोटा ओटा, वर पाण्याची टाकी, आणि डाव्या बाजूला दाराशेजारी बाहेरून टीव्हीचा फोल्डिंग आर्म. थंडीच्या दिवसांत रविवारी नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जातो नाहीतर त्र्यंबकच्या पुढे कुठेतरी, ताडपत्री ताणायची, खुर्च्या टाकायच्या आणि मॅच लावायची. अडचण एकच होती, आप्पांना ऐकू यायचं नाही. टीव्ही चोवीस इंची, त्याचे स्पीकर मागच्या बाजूला, म्हणजे आवाज आधी गाडीच्या पत्र्यावर जाणार आणि मग जमलं तर आपल्याकडे, आणि उघड्या माळावर भिंती नसतात त्यामुळे घरात जो आवाज चारी बाजूंनी परत येतो तो इथे सरळ वाऱ्यावर निघून जातो. आप्पा खुर्ची सरकवत सरकवत टीव्हीच्या दोन फुटांवर येऊन बसायचे, कानामागे हात धरून. आणि गाडीत चार चांगले स्पीकर आणि टेप, म्हणजे डॅशबोर्डातला स्टिरिओ, गप्प बसलेला. म्हणून हे काम हातात घेतलं, आता दोन वर्षं व्यवस्थित चाललंय, तर ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी सगळं लिहितो.

पहिली गोष्ट, दुकानात जाऊन वायर आणायच्या आधी टीव्ही पाठमोरा करा, मोबाईलच्या टॉर्चमध्ये मागची सगळी भोकं नीट वाचा आणि फोटो काढून ठेवा. कारण टीव्हीतून आवाज बाहेर कुठून निघतो त्यावर सगळं ठरतं. हेडफोनची गोल पिन असेल तर निम्मं काम झालं. लाल-पांढरी भोकं दिसली तर लगेच खूश होऊ नका, आजकालच्या बहुतेक टीव्हींना ती एव्ही इन असतात, म्हणजे आवाज आत घ्यायची, बाहेर द्यायची नाहीत, शेजारी ‘आऊट’ लिहिलंय का ते बघा. चौकोनी झाकणाचं छोटं भोक, आत लाल उजेड दिसतो, ते ऑप्टिकल. आणि एखाद्या एचडीएमआयवर एआरसी लिहिलेलं असतं, त्यातून आवाज उलटा बाहेर येतो, ही सोय २००९ पासूनच्या एचडीएमआय १.४ मध्ये आली, तरी प्रत्येक टीव्हीत असेलच असं नाही, लिहिलेलं असेल तरच धरा.

आता गाडीची बाजू. टेपच्या तोंडावर ऑक्सचं, म्हणजे बाहेरचा आवाज तारेने आत घ्यायचं, भोक असेल तर उत्तम. नसेल तर टेप बाहेर ओढून मागे बघा, पुष्कळ अँड्रॉइड टेपना मागच्या वायरींच्या झुपक्यात ऑक्स इन किंवा एव्ही इनच्या लाल-पांढऱ्या पिना लोंबत असतात आणि बसवणाऱ्याने त्या तशाच चिकटपट्टी गुंडाळून आत कोंबलेल्या असतात. आमच्या गाडीत तेच झालं होतं. एक चूक खूप जण करतात, टेपला यूएसबी आहे म्हणून टीव्हीची वायर त्यात लावायला बघतात. ते यूएसबी पेनड्राइव्ह वाचायला आणि मोबाईल चार्ज करायला, टीव्हीचा आवाज त्यातून आत जात नाही. टेपला ऑक्स अजिबातच नसेल तर बारा व्होल्टचा छोटा अँप्लिफायर वेगळा घ्या आणि बाहेरसाठी दोन स्पीकर वेगळे लावा, टेपशी झटापट करत बसू नका.

टीव्हीला हेडफोन पिन असेल तर एक बाजू ३.५ एमएमची आणि दुसरी बाजू टेपला लागेल ती, एवढी एकच वायर लागते. पिन घातली की बहुतेक टीव्हींचे स्वतःचे स्पीकर बंद होतात, ते बरंच आहे, नाहीतर दोन ठिकाणचा आवाज घुमतो. टीव्हीचा आवाज पाऊण ठेवा आणि पुढचं कमीजास्त टेपवरून करा. टीव्ही पूर्ण फुल्ल केला तर आवाज फाटतो, आणि टीव्ही कमी ठेवून टेप फुल्ल केला तर सगळी खरखर मोठी होऊन ऐकू येते.

फक्त ऑप्टिकल असेल तर मध्ये डॅक नावाची काडेपेटीएवढी डबी लागते, ती डिजिटलचं साध्या आवाजात करून लाल-पांढऱ्या पिनांवर देते, पाचशे-सातशे रुपयांच्या आसपास मिळून जाते. ही लावली आणि आवाजच येत नाही किंवा नुसती कडकड येते असं झालं तर डबी परत करायला पळू नका, टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आऊटपुट ‘पीसीएम’, म्हणजे न दाबलेला साधा डिजिटल आवाज, करा. स्वस्तातल्या डब्यांना डॉल्बी, म्हणजे दाबून पाठवलेला डिजिटल आवाज, उलगडता येत नाही, टीव्ही ऑटोवर असला की डॉल्बी पाठवतो आणि डबी गोंधळते. एआरसीसाठी वेगळी डबी मिळते, तिला टीव्हीत सीईसी (एचडीएमआयने जोडलेली यंत्रं एकमेकांशी बोलतात ती सोय) चालू करावं लागतं.

आणि एक सोपी वाट आहे, ती आपल्याकडे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तुम्ही फ्री डिश बघत असाल तर सेटटॉप बॉक्सच्या मागेच लाल-पांढरी-पिवळी आऊट असते. चित्र एचडीएमआयने टीव्हीत, आणि आवाज लाल-पांढऱ्यातून थेट टेपमध्ये, टीव्हीला मध्ये घ्यायचंच नाही. टीव्ही म्यूट करून टाकायचा. मोबाईलवरचं किंवा स्टिकवरचं बघायचं असेल तेव्हा हे उपयोगाचं नाही, पण नुसत्या डिशसाठी यापेक्षा सरळ काही नाही. जाता जाता, फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ आहे, ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे नाशिकमधून डिशचं तोंड आग्नेयेला आणि नजर बरीच वर, साधारण ५७ अंशांवर ठेवावी लागते. गाडी उभी करतानाच त्या बाजूला झाड नाही ना बघा.

आता जे अजिबात करायचं नाही ते सांगतो, कारण आमच्या गाडीत ते झालेलं आहे. सुरुवातीला एका वायरमनला काम दिलं होतं, त्याने टीव्हीचं मागचं झाकण उघडून टीव्हीच्या स्पीकरच्या दोन वायरी सरळ गाडीच्या स्पीकरच्या वायरींना जोडल्या. टीव्ही लावला तेव्हा थोडा आवाज आला सुद्धा. मग कोणीतरी टेप चालू केला आणि टीव्हीच्या जाळीतून जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागला, मी धावत जाऊन मेन काढला. दोन अँप्लिफायरची तोंडं एकमेकांना जोडली की एकाचा करंट दुसऱ्यात घुसतो. स्पीकरच्या वायरीतला आवाज हा अँप्लिफायरने वाढवून झालेला असतो, तो स्पीकरलाच जायचा, दुसऱ्या कुठल्या आऊटपुटला नाही. तसंच टेपच्या स्पीकरची मायनस वायर बॉडीला लावायची नाही, बहुतेक टेपच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, बॉडीला लागली की आतली आयसी जाते. आणि एकाच चॅनलला चार ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले तर टेपला ते दोन ओहमचं ओझं होतं, मग तो गरम होऊन मध्येच गप्प होतो.

वायर गाडीबाहेर काढताना घाई करू नका. टीव्हीच्या मागे, ताडपत्रीच्या सावलीत येईल अशा जागी पत्र्याला भोक पाडा, कडा कानशीने घासा, ग्लँड, म्हणजे वायर घट्ट धरणारं बूच, बसवून वरून सिलिकॉन लावा. मी वायर बाहेर लोंबत ठेवलेली नाही, झाकणाची वॉटरप्रूफ पेटी लावली आणि तिच्यात ऑक्सचं सॉकेट आणि बारा व्होल्टचं सॉकेट, बाहेर आलं की दोन पिना घालायच्या. पेटीतून येणारी वायर आधी खाली झोळ घेऊन मग वर टीव्हीत जाऊ द्या, म्हणजे पाण्याचा थेंब झोळाच्या तळाशी येऊन खाली पडतो, पिनेत उतरत नाही. इगतपुरी-भावलीच्या पावसात हे लागतंच पण थंडीत सुद्धा लागतं, निफाडकडे द्राक्षांच्या मळ्याजवळ रात्रभर गाडी लावली होती तर पहाटे दवाने टीव्हीची काच आणि पिना निथळत होत्या. साधा घरातला टीव्ही असेल तर तो रात्री आतच घ्या. आत वायर नेताना आवाजाची वायर आणि करंटच्या वायरी एकाच पाइपात घालू नका, वीतभर लांब ठेवा, आणि जिथे ओलांडायचंच असेल तिथे काटकोनात ओलांडा. वायर जाळीची म्हणजे शिल्डवाली घ्या, पाच-सहा मीटरपर्यंत काही अडचण येत नाही.

इतकं करून लावलं तरी पुष्कळ लोक पुढच्या गोष्टीवर अडतात, ती म्हणजे गुणगुण. आमच्याकडे इंजिन बंद असताना बारीक ‘ऊंऽऽ’ आणि इंजिन चालू केलं की बारीक शिट्टी, अॅक्सिलरेटर दाबला की ती वर चढायची, सोडला की उतरायची. ती अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची, शिट्टी. कारण असं की टीव्हीची मायनस गाडीला एका जागी जोडलेली, टेपची दुसऱ्या जागी, आणि आता आवाजाच्या वायरीच्या जाळीने त्या दोघांमध्ये तिसरी वाट तयार केली, मग गाडीचा थोडा करंट त्या जाळीतून फिरतो आणि तो आपल्याला ऐकू येतो. शोधायचं असं: टेप ऑक्सवर ठेवा आणि वायर लावू नका, शांत असेल तर टेप बरा आहे. मग वायर लावून बाहेरच्या टोकाला टीव्हीऐवजी मोबाईल लावा, चार्जरला न लावलेला. तेव्हाही शांत असेल तर वायर बरी आहे. मग टीव्ही लावा, गुणगुण आली म्हणजे दोष मायनसच्या फेऱ्याचा. आता डिशची केबल काढून बघा, पुष्कळदा फेरा तिच्या जाळीतूनच झालेला असतो.

उपाय आधी फुकटचा करा, टीव्हीची आणि टेपची मायनस एकाच जागी आणा, रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) मारून घट्ट बोल्ट. आमची निम्मी गुणगुण एवढ्यानेच गेली. उरलेली गेली ग्राउंड लूप आयसोलेटरने, तीन-चारशे रुपयांचा मिळाला, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पुढे जातो पण तारेची सलग जोड तुटते. वायरीच्या मध्ये लावला, इंजिन चालू केलं, अॅक्सिलरेटर दाबला, आणि स्पीकरमध्ये काही नाही, नुसती कॉमेंट्री. ऑप्टिकल वापरत असाल तर आयसोलेटर लागणारही नाही कारण त्या वायरीतून उजेड जातो, करंट नाही, पण डॅकच्या डबीला करंट टीव्हीच्या यूएसबीमधून देऊ नका, टेपच्या बाजूच्या चार्जरमधून द्या, नाहीतर तोच फेरा मागच्या दाराने परत येतो. आणि रिसॉर्टवर बाहेरून २३० व्होल्ट घेतला असेल आणि तेव्हा गुणगुण येत असेल तर कोणी सांगितलं तरी थ्री-पिनची अर्थिंगची पिन तोडायची नाही. गाडीचा सगळा पत्रा हाताखाली असतो, पायाखाली ओली जमीन असते, पोरं हात लावतात. गुणगुण चालेल, ते चालणार नाही.

ब्लूटूथने का नाही केलं असं मेव्हण्याने विचारलं होतं. करता येतं, गाण्यांना चांगलंच आहे, पण साध्या ब्लूटूथला आवाज पोचायला दीड-दोनशे मिलीसेकंद लागतात. आपल्याला वाटतं एवढ्याने काय होतंय, पण बॅट्समनने बॉल मारलेला दिसतो आणि ‘टक’ नंतर येतं, बोलणाऱ्याचे ओठ आधी हलतात. काही टीव्हींना आवाज-चित्राचा मेळ घालायचं सेटिंग असतं, तेही बहुतेक वेळा आवाज उशिरा करतं, लवकर करत नाही. तारच लावा.

करंटचा हिशोब आधी करून ठेवा. आमचा टीव्ही ३० वॉट, सेटटॉप १०, टेप मध्यम आवाजात १५ धरा, एकूण ५५ वॉट, बारा व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास. चार तासांची मॅच म्हणजे अठरा एएच (अँपिअर गुणिले तास). शंभर एएचची लेड अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, त्यामुळे पन्नासात ही मॅच आरामात बसते. पण हे सगळं मागच्या दुसऱ्या बॅटरीवर पाहिजे. टेप बहुतेक वेळा इंजिनच्या बॅटरीवर असतो, पिवळी वायर कायमची, लाल वायर चावीवरची, काळी मायनस. चावी एसीसीवर (इंजिन बंद, पण टेप चालू राहतो त्या खाचेवर) ठेवून चार तास मॅच बघितली तर संध्याकाळी धक्का मारायची वेळ येते. मी पिवळी आणि लाल दोन्ही दुसऱ्या बॅटरीवर घेतल्या, लालला वेगळं बटण दिलं, बॅटरीजवळ फ्युज ठेवला. टीव्ही अॅडॅप्टरवरचा असेल तर त्यावरचा आकडा वाचा, १९ व्होल्ट लिहिलं असेल तर बारावर चालणार नाही, आणि १२ लिहिलं असेल तरी चार्जिंग चालू असताना बॅटरी चौदाच्या वर जाते म्हणून मध्ये स्टॅबिलाइज्ड कन्व्हर्टर घाला. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर प्युअर साइन वेव्हचा घ्या, स्वस्तातल्याची भणभण स्पीकरमध्ये उतरते.

शेवटी आवाज कुठे पाडायचा ते. मागचं आणि बाजूचं दार उघडून टेपमध्ये फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटायचं सेटिंग) मागे केला की आमचं काम झालं, वेगळे स्पीकर लावले नाहीत. फुल्ल आवाज लागत नाही, तिथेच लोकांची चूक होते. आप्पांची खुर्ची दारासमोर, स्पीकर कानाच्या उंचीला, मग हळू आवाजातही शब्द नि शब्द कळतो. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, तेव्हा दहा वाजता आयसोलेटरच्या जागी हेडफोन लावायचा. आणि नांदूरमध्यमेश्वरला जाल तर बाहेर टीव्ही काढूच नका, ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे, पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, तिथे पहाटे ऐकण्यासारखं भरपूर आहे.

निघताना क्रम असा ठेवा: टेप बंद, मग टीव्ही बंद, मग दोन्ही पिना काढून पेटीचं झाकण दाबून लावायचं, आणि त्यानंतरच आर्म दुमडायचा. पिन तशीच ठेवून आर्म दुमडला की सॉकेट आतून उखडतं आणि ते दुरुस्त करायला सगळं सिलिकॉन पुन्हा खरवडावं लागतं.