गिल्डमध्ये रँक अडकलीय? गुरूच्या हाताखाली शिकताना या चुका टाळा

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममधल्या रोलप्ले गिल्डमध्ये (कॅरेक्टरची भूमिका वठवत कथा खेळणाऱ्या खेळाडूंच्या गटात) रँक लेव्हलवर मिळत नाही. लेव्हल चढवायला क्वेस्ट पुरतात. शिकाऊचा नाइट व्हायचं असेल (नावं प्रत्येक गिल्डची वेगळी), तर एखादं जुनं कॅरेक्टर तुमच्या कॅरेक्टरला हाताखाली घेतं, दोघं मिळून सीन खेळतात, शेवटी कसोटी होते आणि मग ऑफिसर मंडळी बसून ठरवतात. या प्रवासाची नोंद गेम स्वतः कुठेच ठेवत नाही. ना पट्टी भरत जाते, ना अचिव्हमेंट मिळते. सगळं माणसांच्या आठवणीवर आणि भरवशावर चालतं. आर्जंट डॉन सर्व्हरवर जा की मून गार्डवर, अडकलेल्या शिष्याची तक्रार एकच: ‘गुरू लक्षच देत नाही.’ जरा खोदून विचारलं की बहुतेक वेळा खालच्यातलीच एखादी चूक निघते.

(कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. गेममध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.)

लॉग न ठेवणं

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि टाळायला सगळ्यात सोपी आहे, म्हणूनच तिचा राग येतो.

नेहमीचा प्रसंग असा. गिल्डची अट आठ सीनची. शिष्य तीन महिने नेमाने येतो, आठही सीन करतो, चांगले करतो. मग गुरूचा खेळाडू परीक्षेमुळे म्हणा, नोकरीमुळे म्हणा, गेम सोडून जातो. ऑफिसरांपुढे विषय निघतो. आठ सीन झाले हे शिष्य सांगतो, पण पाहिलंय कुणी? दोन सीनला एक जण हजर होता, त्यालाही नक्की काय झालं ते आठवत नाही. निर्णय लागतो: नवा गुरू, पहिल्यापासून सुरुवात. शिष्य चिडून गिल्ड सोडतो आणि ‘इथे राजकारण चालतं’ असं चार ठिकाणी सांगत फिरतो. राजकारण वगैरे काही नव्हतं. कागद नव्हता.

गेममध्येच सोय आहे. चॅटमध्ये ‘/चॅटलॉग’ टाइप केलं की लॉगिंग सुरू झाल्याचा संदेश येतो आणि त्यानंतरचं चॅट गेमच्या फोल्डरमधल्या ‘लॉग्ज’ नावाच्या फोल्डरात, वॉव-चॅटलॉग नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जमा होतं. प्रत्येक ओळीला वेळ लागलेली असते. इतकं सोपं असूनही लोक तीन ठिकाणी हमखास घसरतात.

पहिलं म्हणजे ही कमांड कायमची नाही. लॉगआउट केलं की लॉगिंग बंद. पुढच्या वेळी आत आल्यावर पुन्हा टाइप करावी लागते. सीनआधी दोन मिनिटं ती टाकायची, मगच बाकी सगळं, हीच सवय बरी. मॅक्रो (एका बटणावर कमांड चालवायची सोय) करून बारवर पहिल्या जागी ठेवलात तर विसरणं अवघड.

दुसरं, हीच कमांड पुन्हा दिली की लॉगिंग बंद होतं. ‘सुरू केलं होतं ना?’ अशी शंका येऊन मध्येच परत टाइप करणारे पुष्कळ. त्यांच्या फाइलमध्ये नमस्कार-चमत्कार तेवढे असतात, कसोटी नसते. टाइप केल्यावर आलेला संदेश वाचा. वाचायला एक सेकंद लागतो.

तिसरं, त्याच फाइलला पुढचं सगळं जोडलं जातं. महिन्याभरात ती इतकी फुगते की हवा तो सीन शोधताना जीव मेटाकुटीला येतो. सीन संपला की गेममधून बाहेर पडा, म्हणजे शेवटच्या ओळी फाइलमध्ये उतरतात. मग फाइलला तारीख आणि दोन्ही कॅरेक्टरांची नावं असं नाव देऊन दुसरीकडे हलवा. पुढच्या वेळी गेम नवी फाइल आपसूक तयार करतो.

कुणी चॅट जपणारं एलिफंटसारखं अॅडऑन (गेमला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) वापरतं. हरकत नाही. पण अॅडऑनची माहिती डिस्कवर लिहिली जाते ती लॉगआउट करताना किंवा ‘/रीलोड’ दिल्यावर. मध्येच गेम क्रॅश झाला तर त्या बैठकीचं सगळं गेलं. कसोटीसारख्या सीनमध्ये एखादा टप्पा संपला की ‘जरा थांबा’ सांगून रीलोड करून घ्यावा. लोक थांबतात. ते दहा सेकंद कुणाला जड होत नाहीत.

आणि लॉग गुरूला किंवा ऑफिसरला देण्याआधी तो साफ करा. त्यात तुमचे व्हिस्परही (खासगी निरोप) असतात, ट्रेड चॅनलची बडबडही. दुसऱ्याने खासगीत लिहिलेलं असं वाऱ्यावर सोडणाऱ्याला कुणी शिष्य म्हणून घेत नाही. साफ केल्यावर वर तीन ओळी जोडा: सीन कितवा, कॅरेक्टर काय शिकलं, काय चुकलं. ‘काय चुकलं’ ही ओळ रिकामी ठेवणारे फार. ऑफिसर आधी तीच वाचतात.

फासे कुठले, हे न पाहणं

द्वंद्वाच्या कसोटीत हा घोळ ठरलेला. गिल्डचा नियम असतो वीस बाजूंच्या फाशाचा, अधिक रँकचा बोनस. समजा शिष्याला अधिक २, गुरूला अधिक ६. शिष्य नुसतं ‘/रोल’ टाइप करतो. नुसत्या रोलला गेम १ ते १०० मधला आकडा देतो. मग गुरूही घाईत तसंच करतो, दोघं बोनस मिळवतात आणि सीन पुढे जातो. कुणाला वाटतही नाही की काही बिघडलं.

बिघडलेलं असतं, आणि बरंच. वीसच्या फाशावर चारचा फरक मोठा आहे: एका झटापटीत शिष्याने जिंकण्याची शक्यता ३० टक्के, बरोबरीची ४. शंभरच्या फाशावर तोच चारचा फरक जवळजवळ विरघळतो आणि शिष्याची शक्यता ४५.६ टक्क्यांवर जाते. तीनपैकी दोन झटापटी जिंकायच्या असतील आणि बरोबरी झाल्यास पुन्हा रोल असेल, तर वीसवर शिष्याला साधारण २३ टक्के संधी आहे, शंभरवर ४४. म्हणजे चुकीच्या फाशावर गुरूच्या अनुभवाला काही किंमतच उरत नाही. नंतर कुणी लॉग वाचला की कसोटी रद्द होते, आणि ती रद्द व्हायलाच हवी.

उपाय साधा आहे. ‘/रोल २०’ टाइप करा, आकडेही इंग्रजीच. रोलच्या ओळीत शेवटी कंसात मर्यादा दिसते. तिथे १-२० आहे का, ते दोघांनी प्रत्येक वेळी पाहायचं. याच कंसात चलाखीही पकडली जाते, कारण खालची मर्यादाही देता येते आणि ‘/रोल १०-२०’ टाकणारे महाभाग असतात. त्यांना वाटतं कंस कोण वाचतंय. रोलची खरी ओळ सिस्टिमच्या पिवळ्या रंगात येते. इमोटच्या (कॅरेक्टरची कृती सांगणाऱ्या ओळीच्या) नारिंगी रंगात ‘१८ पडले’ असं कुणी लिहिलं, तर ते त्याचं स्वप्न समजा. रोल टाकताना दोघं आणि साक्षीदार एका पार्टीत असावेत, म्हणजे आकडा सगळ्यांना दिसतो.

हरायचंच नाही म्हणणारा शिष्य

गुरूने लिहिलं: ‘तो तलवार डोक्याच्या दिशेने फिरवतो.’ शिष्याचं उत्तर: ‘ती सहज चुकवते, त्याचा हात पिरगाळते, तलवार लांब उडते.’ तीन क्रिया, तिन्ही यशस्वी, आणि शेवटच्या दोन गुरूच्या अंगावर, त्याला न विचारता. इमोट लिहिताना आपल्या कॅरेक्टरचा प्रयत्न लिहायचा, परिणाम समोरच्याने ठरवायचा. ‘ती वाकून वार चुकवायला बघते आणि त्याच्या मनगटाकडे हात टाकते.’ इथे थांबायचं. पुढचं त्याच्यावर किंवा फाशावर.

नवखे इथे हुज्जत घालतात की माझं कॅरेक्टर मुळातच कसबी आहे. असेल. मग शिकायला कशाला आलं? पहिल्या आठवड्यात सगळं येणाऱ्या कॅरेक्टरला गुरू काय शिकवणार आणि ऑफिसर कशाच्या जोरावर रँक देणार? कॅरेक्टरच्या तीन उणिवा आधीच ठरवून गुरूला ओओसीत (कथेबाहेर, खेळाडू म्हणून) सांगाव्यात: डावीकडून आलेला वार दिसत नाही, आगीला घाबरतं, हुकूम ऐकताना उलटून बोलतं, असं काहीतरी. गुरूला सीन बेतायला माल मिळतो, आणि आठव्या सीनमधलं कॅरेक्टर पहिल्याहून कुठे बदललं हे दाखवता येतं. हरलेल्या झटापटीचा चांगला लिहिलेला लॉग पाच विजयांना भारी असतो.

अर्धवट इमोट

चॅटमधली एक ओळ २५५ अक्षरांत संपते. लांब इमोट दोन-तीन तुकड्यांत जातो आणि पहिला तुकडा दिसताच समोरचा उत्तर लिहायला घेतो. मग दोघंही वेगवेगळ्या क्षणात. तुकडा अपुरा असेल तर शेवटी अधिकचं चिन्ह टाका. अधिक चिन्ह दिसतंय तोपर्यंत गुरूनेही बोटं आवरावीत. एरवी सरळ दोनशे अक्षरांत लिहा. परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले म्हणजे रोलप्ले चांगला, हा समज कुणी पसरवला कोण जाणे.

प्रोफाइलमध्ये आधीच नाइट

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. टोटल आरपी ३ मध्ये (कॅरेक्टरचं प्रोफाइल दाखवणारं अॅडऑन) पदवीच्या जागी मिळायची रँक आत्ताच लिहून ठेवू नका. पाच ‘पहिल्या नजरेत’च्या जागांपैकी एक शिकाऊपणाच्या खुणेला द्या: उधार चिलखत, हाताला पट्टी, काहीही. कॅरेक्टरचं गुपितही तिथे लिहू नका. वाचणारा ते माहीत असल्यासारखा वागतो आणि मग तुम्हीच मेटागेमिंगची तक्रार करता.

‘प्रमोशन कधी?’ हे आयसीत (कथेत, कॅरेक्टरच्या तोंडून) विचारणं

कॅरेक्टर गुरूला ‘मी तयार आहे का?’ विचारू शकतं. खेळाडूने खेळाडूला ‘किती सीन राहिले?’ हे व्हिस्परमध्ये विचारावं, आणि तेही दोन-तीन सीनमागे एकदा. रोज नव्हे.

गिल्डमधली रँक आणि कथेतली रँक एकच समजणं

उतावळ्या शिष्याला हे सांगूनही कळत नाही. गेममध्ये गिल्डला जास्तीत जास्त दहा रँक ठेवता येतात आणि त्यांना खरे अधिकार जोडलेले असतात: गिल्ड बँकेचा कुठला कप्पा दिसणार, दिवसाला किती वस्तू काढता येणार, ऑफिसर चॅट वाचता येणार का, कुणाला आत घेता किंवा काढता येणार का. म्हणून कथेत नाइट झालेल्याची गिल्डच्या खिडकीतली रँक लगेच बदलत नाही. तिथे तुमच्या लिखाणाविषयी शंका नसते. कुलपाची किल्ली द्यायची की नाही, एवढाच प्रश्न असतो. रँकसाठी घाई करणाऱ्याकडे ऑफिसर जरा तिरक्या नजरेने पाहतात तेही यामुळेच. बँक रिकामी करून रात्रीत पसार झालेली कॅरेक्टरं जवळपास प्रत्येक जुन्या गिल्डने पाहिलेली असतात.

गुरूंसाठीही एक गोष्ट. ऑफिसर नोटमध्ये (सदस्याच्या नावाला जोडलेल्या टिपेत) ३१ अक्षरंच मावतात, पण तेवढी पुरतात: टप्पा, आठपैकी किती सीन, शेवटच्या सीनची तारीख, साक्षीदाराचं छोटं नाव. दर सीननंतर बदला. हे न करणारा गुरू कितीही छान लिहीत असला तरी दोनपेक्षा जास्त शिष्य घेऊ नये.

दोन गुरू, दोन ऑल्ट

एकाच गिल्डमध्ये दोन कॅरेक्टरं दोन गुरूंकडे लावून, जी आधी चढेल ती ठेवायची. कळतं. नेहमी कळतं.

एकाच माणसावर विसंबणं

साक्षीदार म्हणून दर दोन सीनमागे तरी तिसरं कॅरेक्टर बोलवा, शक्यतो ऑफिसरचं. त्यालाही करण्यासारखं काहीतरी द्या, भिंतीला टेकून उभं करू नका. आठवड्यातली एक वेळ पक्की ठरवा आणि कॅलेंडरमध्ये टाका. ‘जमेल तेव्हा’ म्हणजे कधीच नाही. गुरू सलग तीन वेळा आला नाही तर रुसून बसू नका. ओओसीत त्याला एक निरोप पाठवा, आठवडाभर वाट पाहा, मग गुरुबदलासाठी ऑफिसरकडे जा. सोबत साफ केलेले लॉग, सीनची यादी आणि साक्षीदारांची नावं न्या. कथेत गुरू मोहिमेवर गेला असं दाखवा, मारून टाकू नका. परत आला तर त्याची अडचण होते. नव्या गुरूने पहिला सीन कसोटीचा न ठेवता ओळखीचा ठेवावा आणि जुन्या लॉगमधली एक उणीव उचलून तिथून पुढे न्यावं. झालेले सीन मोजायचे की नाही, हे ऑफिसरांकडून त्याच बैठकीत लेखी घ्या आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.