बॅकअपचे सॉफ्टवेअर निवडताना: आधी डेटा परत आणून पाहावा

लातूरच्या मोंढ्यातील एका आडत दुकानाच्या संगणकाची हार्ड डिस्क दोन वर्षांपूर्वी ऐन सोयाबीनच्या आवकेत बंद पडली आणि मला बोलावणे आले. बॅकअप आहे, अशी मुनीमजींची खात्री होती, कारण पडद्याच्या कोपऱ्यात रोज हिरवी खूण दिसत असे. ती खूण खोटी नव्हती. सॉफ्टवेअर डॉक्युमेंट्स फोल्डरची नक्कल दररोज इमाने घेत होते. हिशेबाचा डेटा मात्र त्या फोल्डरमध्ये कधी नव्हताच. मागच्या वर्षाचा डेटा सीएंकडे होता म्हणून तेवढा वाचला, आणि एप्रिलपासूनच्या नोंदी शेतकऱ्यांना दिलेल्या हिशेबपट्ट्यांच्या स्थळप्रती समोर ठेवून पुन्हा कराव्या लागल्या. तेव्हापासून कोणी बॅकअपचे सॉफ्टवेअर सुचवा म्हटले की नाव सांगण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: उद्या सकाळी हा संगणक सुरू झाला नाही, तर दुपारपर्यंत आपल्याला काय परत हवे आहे?

उत्तर कागदावर लिहावे आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती डिस्कवर नेमकी कुठे आहे तेही लिहावे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनी निवडताना डेटाचा मार्ग दिसतो. टॅली प्राइमचा डेटा सहसा पब्लिक फोल्डरखाली असतो, वापरणाऱ्याच्या डॉक्युमेंट्समध्ये नसतो. फोटो स्टुडिओवाल्यांची चित्रे बहुधा डी ड्राइव्हवर असतात, तर सेतू केंद्रांतील स्कॅन केलेली कागदपत्रे हमखास डेस्कटॉपवर पसरलेली आढळतात. ही यादी हाती आल्याशिवाय सॉफ्टवेअरकडे वळूच नये.

यानंतर नुसत्या फाइल पुरतील की विंडोज आणि प्रोग्रामांसकट संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे इमेज लागेल, हे ठरवावे. फाइलचा बॅकअप लहान असतो आणि त्यातून हवे ते एकच पत्र पटकन काढता येते. पण डिस्क गेली तर विंडोज, प्रिंटरचे ड्रायव्हर आणि सारे प्रोग्राम नव्याने बसवावे लागतात. ज्यांच्याकडे मूळ सीडी आणि परवाने जपलेले आहेत त्यांना हे जमेल. लग्नपत्रिका छापणारे डीटीपीवाले मात्र पेजमेकर या पान मांडण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरवर आणि तितक्याच जुन्या मराठी फॉन्टवर काम करतात, आणि तो संच पुन्हा बसवून देणारा माणूसच आता सापडत नाही. अशांनी इमेज घेणारेच सॉफ्टवेअर निवडावे, त्यात तडजोड करू नये. इमेज घेणाऱ्या सॉफ्टवेअरने संगणक सुरू करण्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह तयार करून दिला पाहिजे, कारण विंडोजच उघडत नसेल तर त्यातले सॉफ्टवेअर तरी कसे उघडणार?

आपल्याकडच्या विजेचाही विचार करावा. फिरत्या बाह्य डिस्कवर ५०० जीबीची पहिली नक्कल यूएसबी २.० च्या पोर्टमधून सेकंदाला सुमारे ३० एमबी या वेगाने गेली, तर साडेचार तासांहून अधिक वेळ लागतो, यूएसबी ३.० वर सेकंदाला १०० एमबीचा वेग मिळाला तर तेच काम दीड तासाच्या आत आटोपते. एवढ्या वेळात वीज टिकेलच असे नाही. म्हणून पहिली पूर्ण नक्कल झाल्यावर पुढे फक्त बदललेला भाग घेणारे, आणि मध्येच काम तुटले तर आधीची नक्कल शाबूत ठेवणारे सॉफ्टवेअर घ्यावे. रात्री दोनची ठरावीक वेळ लावून काही उपयोग नाही, कारण दुकानदार जाताना मुख्य बटणच बंद करतो. बाहेरची डिस्क जोडताक्षणी बॅकअप सुरू करण्याची सोय अशा ठिकाणी अधिक कामाची ठरते.

आता नावांकडे वळू. विंडोजमधली फाइल हिस्टरी फुकट आहे, ठरवून दिलेल्या फोल्डरांच्या जुन्या आवृत्त्या ठेवते आणि मूळ मांडणीत दर तासाला चालते. पण ती डिस्कची इमेज घेत नाही. वीम एजंटची मोफत आवृत्ती इमेज घेते, संगणक सुरू करणारा पेनड्राइव्ह बनवते, डिस्क जोडताच काम सुरू करू शकते आणि काम संपल्यावर ती डिस्क वेगळीही करू शकते. तिच्यात एकच बॅकअपकाम मांडता येते, तेवढे एका संगणकाला पुरते. क्लोनझिला मुक्त आणि भरवशाचे आहे, परंतु ते विंडोजच्या बाहेरून चालते, वेळापत्रक सांभाळत नाही आणि निळ्या पडद्यावरच्या मेनूत चुकीची डिस्क निवडली तर होते ते पुसून टाकते, म्हणून नवख्याने त्याच्या वाटेला एकट्याने जाऊ नये. मॅक वापरणाऱ्यांनी २००७ पासून सोबत मिळणारे टाइम मशीन वापरावे, फार शोधाशोध करू नये. मॅक्रियम रिफ्लेक्टच्या मोफत आवृत्तीची शिफारस जुन्या लेखांत आढळते. तिला १ जानेवारी २०२४ पासून सुधारणा मिळत नाहीत, तेव्हा ती नव्याने बसवू नये.

गुगल ड्राइव्ह आहे, मग वेगळा बॅकअप कशाला, असेही पुष्कळ जण विचारतात. ड्राइव्हचे काम संगणकावर आणि इंटरनेटवर, दोन्हीकडे सारखे ठेवण्याचे असते. इथली फाइल पुसली की तिथलीही कचरापेटीत जाते आणि काही दिवसांनी कायमची नाहीशी होते. शिवाय फुकट जागा १५ जीबीच, आणि १० एमबीपीएसच्या अपलोडवर १०० जीबी चढवायला जवळपास २२ तास लागतात. टॅलीच्या डेटाची दुसरी प्रत म्हणून ते उत्तम, पण संपूर्ण डिस्कसाठी नाही.

दोनेक सॉफ्टवेअर मनात बसली की खरी पायरी येते, आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. एक लहान फोल्डर तयार करावे. त्यात ‘तूर हिशेब – पावती क्र. १२’ अशा मराठी नावाची एक फाइल, एक मोठा व्हिडिओ आणि टॅलीच्या एका जुन्या कंपनीचा डेटा ठेवावा. बॅकअप घ्यावा, फोल्डरचे नाव बदलावे आणि बॅकअपमधून मूळ फोल्डर परत आणावे. मराठी नाव जसेच्या तसे येते की चौकटी आणि प्रश्नचिन्हे दिसतात, हे पाहावे. व्हिडिओ शेवटपर्यंत चालवावा. बाहेरची डिस्क एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यावर मावतच नाही, आणि तसा अडथळा आला तर डिस्क रिकामी करून एनटीएफएसने फॉरमॅट करावी. टॅलीची कंपनी उघडून शेवटचे व्हाउचर ताडून पाहावे. ही चाचणी दुसऱ्या संगणकावर केली तर अधिक चांगले, कारण काही सॉफ्टवेअर आपल्या खास स्वरूपात नक्कल ठेवतात आणि ती उघडायला तेच सॉफ्टवेअर पुन्हा उतरवावे लागते. इमेज घेतली असेल तर पेनड्राइव्हने संगणक सुरू करून त्या पडद्यावर बाहेरची डिस्क दिसते का, एवढे तरी तपासावे. जे सॉफ्टवेअर या चाचणीत अडखळते ते कितीही देखणे असले तरी काढून टाकावे.

निवड झाल्यावर बॅकअपचा सांकेतिक शब्द (पासवर्ड) कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा. डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची बिटलॉकर सोय चालू असेल तर त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती कीही त्याच कागदावर उतरवावी. बॅकअप संपला की डिस्क काढून घ्यावी, कारण मे २०१७ मधल्या वॉनाक्रायसारखा खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलही कुलूपबंद करतो. शक्य असल्यास दोन डिस्क आलटून पालटून वापराव्यात: एक दुकानात, दुसरी घरी. ने-आण करताना ती उन्हाळ्यात दुचाकीच्या डिकीत विसरू नये, आणि वरच्या चिकटपट्टीवर शेवटच्या बॅकअपची नव्हे, तर शेवटच्या यशस्वी चाचणीची तारीख लिहावी.