टॉवेल पाणी कसे टिपतो?

सोलापुरात चौथीच्या वर्गाला ‘पाणी शोषणे’ शिकवायचे असेल, तर फळ्यावर व्याख्या लिहिण्याआधी घरोघरी सापडणारा टेरी टॉवेल (म्हणजे अंगावर धाग्यांची वेटोळी असलेला टॉवेल) आणि चादर यांचे सारख्या मापाचे तुकडे मुलांच्या हाती द्यावेत. ‘कोणता जास्त पाणी टिपेल आणि का?’ एवढेच विचारून प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घ्यावा. मग १०० मिलिलिटर पाण्यात तुकडा बुडवून, थेंब गळायचे थांबल्यावर, उरलेले पाणी मुलांनीच मोजावे. चुकलेला अंदाज खोडू देऊ नये. माझ्या मते खरे शिकणे तिथेच सुरू होते. कोणी टॉवेलवरची धाग्यांची वेटोळी बोटाने चाचपून ‘बाई, पाणी यात अडकतं’ म्हणाले, की लगेच शाबासकी देऊन विषय संपवू नये. ‘हे कसं तपासशील?’ असे विचारून वेटोळी नसलेला साधा सुती तुकडा पुढे ठेवावा.