घरातल्या कर्त्या माणसाचं आयुष्य लिहून काढताना

अठ्ठ्याऐंशी वर्षं जगलेल्या माणसाचं पहिलं मूल त्याच्या एकोणतिसाव्या वर्षी झालं असेल आणि त्या मुलाच्या सलग आठवणी सहाव्या वर्षापासून सुरू होत असतील, तर मुलांना वडील माहीत असतात ते पस्तिशीनंतरचे. आधीची पस्तीस वर्षं, म्हणजे आयुष्याचा चाळीस टक्के भाग, घरात कुणी पाहिलेलाच नसतो. वडिलांवर लिहायला बसलेली मुलं बहुतेक इथेच फसतात. मधलं वय आणि शेवटचं आजारपण एवढंच कागदावर येतं, आणि उरलेली जागा ‘प्रेमळ’, ‘कुटुंबवत्सल’, ‘परोपकारी’ हे शब्द भरून काढतात.

म्हणून लेखणी उचलण्याआधी सामान गोळा करायचं. ते गेल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत लिहू नका, फक्त काही फेकू नका. कपाटं आवरताना सगळ्यात आधी रद्दीत जातात त्या जमाखर्चाच्या वह्या, खिशातल्या डायऱ्या, जुनी पासबुकं आणि पाठीमागे काहीतरी खरडलेली पाकिटं. नेमकं त्यातच वडील सापडतात. एक मोठं खोकं ठेवा, त्यात टाकत जा, छाननी नंतर.

त्यांचा मोबाइल पुसून कुणाला वापरायला देऊ नका. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं नाही तर काढून टाकलं जातं. त्याआधी महत्त्वाची संभाषणं ‘एक्स्पोर्ट चॅट’ने बाहेर काढा. त्यांनी नातवंडांना पाठवलेले आवाजी संदेश वेगळे साठवा. फोटो सगळ्यांकडे असतात, आवाज फार थोड्यांकडे उरतो.

वर्षांचा तक्ता

जन्मापासून मृत्यूपर्यंत दर वर्षाला एक ओळ. रकाने पाच: वर्ष, वय, घरात काय झालं, कामावर काय झालं, हे कशावरून कळलं. पाचवा रकाना आळसाने सोडू नका. प्रसंग घडला तेव्हाच तयार झालेला कागद (दाखला, नेमणुकीचं पत्र, तारखेचा शिक्का असलेलं पाकीट) सर्वांत विश्वासाचा, त्यानंतर पाहणाऱ्याची आठवण, आणि शेवटी ऐकीव गोष्ट. कागदोपत्री जन्मतारीख आणि खरी जन्मतारीख यांत फरक निघाला तर दोन्ही लिहा, मारूनमुटकून एक करू नका.

तक्ता भरत आला की रिकाम्या ओळी डोळ्यांत भरतात. सलग पाच-सहा वर्षं कोरी दिसली की तिथे कुणाला विचारायचं ते आपोआप ठरतं.

कुणाला विचारायचं, कसं विचारायचं

बारा ते पंधरा माणसांची यादी करा, पण क्रम जवळिकीचा नको, वयाचा लावा. सर्वांत म्हातारं माणूस पहिलं, कारण उघड आहे. यादीत भावंडं, बालमित्र, पहिल्या नोकरीतला सहकारी, शेजारी आणि ज्याला त्यांनी काम शिकवलं असा एखादा तरी हवाच. दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला उतारवयातही सर्वाधिक असतात, हे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलेलं आहे. त्यामुळे समवयस्क मित्राला त्यांच्या तरुणपणाबद्दल विचारा, सत्तरीबद्दल नको.

एका वेळी एकच माणूस. चौघांना एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण खरी ठरते, आणि बाकीचे नकळत ‘हो, असंच झालं होतं’ म्हणू लागतात. पंचेचाळीस मिनिटं ते एक तास पुरे. फोन विमान मोडवर टाकून बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा आणि ध्वनिमुद्रण करत असल्याचं आधीच सांगून परवानगी घ्या. पंखा बंद करा. तीस सेकंदांची चाचणी ऐकून मगच पुढे जा, कारण खिडकीतून येणारी घरघर आपल्या कानांना जाणवत नाही, यंत्राला जाणवते.

‘ते कसे होते?’ हा प्रश्न विचारूच नका. उत्तर ठरलेलं असतं: ‘देवमाणूस!’ त्यापेक्षा विचारा: ‘त्यांच्याशी तुमचं पहिलं भांडण कशावरून झालं?’ ‘तुमच्या घरी आले की कुठे बसायचे?’ ‘त्यांना राग आला हे तुम्हाला कशावरून कळायचं?’ ‘त्यांनी तुमच्याकडे कधी काही मागितलं का?’ पाच-सहा जुने फोटो बरोबर न्या. फोटोच्या मधोमध असलेल्या माणसापेक्षा कडेला अर्धवट आलेल्या माणसाबद्दल विचारलं तर जास्त निघतं. उत्तर संपल्यासारखं वाटलं तरी दहा सेकंद गप्प राहा. खरी गोष्ट बरेचदा त्या दहा सेकंदांनंतर येते.

एका तासाचं बोलणं शब्दशः उतरवायला चार तास तरी लागतात. सगळं उतरवायची गरज नसते. त्याच दिवशी एकदा ऐकून ‘१४व्या मिनिटाला पहिली नोकरी, ३१व्या मिनिटाला धाकट्या भावाचं शिक्षण’ अशी सूची करा. दुसऱ्या दिवसावर टाकलं की नावं आणि सालं घसरतात.

औदार्य शोधायचं कुठे

हाच भाग सर्वांत कठीण, आणि इथेच सर्वाधिक थापा लिहिल्या जातात. खरोखर देणारा माणूस देताना घरी सांगत नाही, त्यामुळे घरच्यांना विचारून फार हाती लागत नाही. घेणाऱ्यांकडे जावं लागतं. भेटायला आलेल्यांपैकी जे अनोळखी होते, कोपऱ्यात बसून गेले, त्यांची नावं त्याच आठवड्यात टिपून ठेवा. जमाखर्चाच्या वहीत एकाच नावापुढे दर महिन्याला येणारी छोटी रक्कम शोधा. एकरकमी मोठ्या मदतीपेक्षा सात वर्षं चुपचाप चाललेली फी माणसाबद्दल जास्त सांगते.

लिहिताना दोन बंधनं पाळा. घेणाऱ्याची लेखी किंवा स्पष्ट तोंडी संमती नसेल तर त्याचं नाव, नातं, गाव काहीही येता कामा नये. ओळख लपवायची तर ‘एका दूरच्या नातेवाइकाला’ हेदेखील कधीकधी पुरेसं नसतं, वाचणारे दोन मिनिटांत ओळखतात. आणि रक्कम लिहू नका. आकडा आजच्या हिशेबाने क्षुल्लक वाटतो किंवा उपकार मोजल्यासारखा दिसतो. त्याऐवजी ती देण्यासाठी त्यांनी स्वतःचं काय पुढे ढकललं ते लिहा. घराची दुरुस्ती तीन वर्षं लांबली, चष्मा तोच राहिला, सायकलवरच जात राहिले. वाचणाऱ्याला त्यावरून वजन कळतं. बुडालेल्या उसन्या पैशांचा विषय मात्र लेखात काढू नका. स्मरणलेख ही वसुलीची जागा नव्हे.

आणखी एक गोष्ट हटकून राहून जाते. घरातल्या एका माणसाचा हात सढळ असतो तेव्हा दुसरं कुणीतरी तो खर्च निभावत असतं. बहुतेक वेळा ती त्यांची बायको असते. रात्री नऊला चार माणसं जेवायला आणणाऱ्याचं कौतुक लिहायचं आणि स्वयंपाक पुन्हा मांडणारीचा उल्लेखही नाही, हे अर्धसत्य झालं. तिला वेगळं बसवून विचारा, की नवरा कुणाला काही देऊन आला हे कळल्यावर महिना कसा ओढला. मुलांनाही विचारा, बाबा दुसऱ्यांच्या कामाला धावत असताना घरचं काय राहिलं. उत्तर थोडं कडू येईल. त्यातला एक प्रसंग लेखात ठेवा. दोषाशिवाय लिहिलेल्या माणसावर त्याला ओळखणारे विश्वास ठेवत नाहीत.

फोटो

स्कॅन करताना पोस्टकार्डाएवढ्या किंवा त्याहून लहान छापील फोटोला ६०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके, ते माप), मोठ्याला ३०० ते ४००. छपाईला ३०० लागतात, म्हणजे ६००ने घेतलेला फोटो दुप्पट आकारात छापता येतो. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह असेल तर ३००० च्या आसपास. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणाचं तरी अक्षर तिथेच असतं. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या कडेच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन फोटोला समांतर धरा.

चिकट पानांच्या आल्बममधले फोटो ओढून काढायला जाल तर कागद सोलून निघेल. दात साफ करायचा दोरा फोटो आणि पानाच्या मधून हळूहळू करवतीसारखा फिरवा. सरकत नसेल तर नाद सोडा आणि पानच स्कॅन करा. मागे नावं लिहायची तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब समोर उमटतो आणि शाई वरच्या फोटोला लागते. चकचकीत प्लास्टिकसारख्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे फोटो पाकिटात घालून नाव पाकिटावर लिहावं. फाइलच्या नावात साल आधी, मग महिना, मग प्रसंग. महिना माहीत नसेल तर ‘००’, म्हणजे क्रम बिघडत नाही.

लिहायला बसल्यावर

आधी लांबी ठरवा. सभेत पाच मिनिटं बोलायचं असेल तर साडेपाचशे ते सहाशे शब्द. मिनिटाला ११०-१२० शब्दांहून वेगाने वाचलं तर मागच्या रांगेला कळत नाही, आणि गळा दाटून येतो त्याचा वेळही धरावा लागतो. मजकूर मोठ्या अक्षरात छापा आणि एक प्रत दुसऱ्या कुणाकडे द्या. आपला आवाज अडकला तर तो पुढे वाचेल. पुस्तिका करायची तर २४ ते ३२ पानं पुष्कळ झाली.

सुरुवात जन्मापासून नको. त्यांच्या पंचेचाळिशीतला एक साधा कामाचा दिवस निवडा आणि सकाळी उठण्यापासून दिवा मालवेपर्यंत लिहून काढा: चपला कुठे काढायचे, पेपरचं कोणतं पान आधी, घरी आल्यावर पहिली हाक कुणाला. स्वभाव त्यात उतरतो. मग मागे आणि पुढे जा. आजारपणाला एकच परिच्छेद. त्यांचं ठेवणीतलं वाक्य जसं बोलत तसंच लिहा, व्याकरण सुधारू नका.

एकच माणूस एकाचा दादा, दुसऱ्याचे बाबा, तिसऱ्याचे काका, चौथ्याचे आजोबा असतो. चौघांचे लेख एकत्र येणार असतील तर आरंभी छोटी वंशावळ द्या, नाहीतर वाचणारा गोंधळतो. तीच वंशावळ समोर धरून शेवटी नावं तपासा. सुना, जावई आणि लहानपणीच गेलेलं मूल ही नावं सर्वाधिक गळतात आणि त्याचं दुःख वर्षानुवर्षं राहतं. छापायच्या आधी दोघांना वाचायला द्या. पहिली त्यांची पत्नी, असल्यास, आणि ती म्हणेल ते वाक्य वाद न घालता काढायचं. दुसरा घराबाहेरचा.

मजकूर युनिकोडमध्ये (फोन-संगणकांवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) टंकून द्या. छापखान्यात जुन्या फाँटात बदलताना ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘कॅमेरा’, ‘ॲ’ असे शब्द मोडतात आणि रफार भलत्या अक्षरावर जातो. पडद्यावर पाहून भागत नाही, कागदी मुद्रित (प्रूफ) मागवा. वाचणाऱ्यांत वयस्क जास्त, तेव्हा अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको. मधोमध पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारने भागली पाहिजे.

स्कॅन, ध्वनिमुद्रणं आणि तक्ता यांच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. नुसत्या पेनड्राइव्हवर भिस्त नको. पुस्तिका वाटल्यावर महिनाभर वही जवळ असू द्या. ‘अहो, पण तुम्ही ते लिहिलंच नाही,’ असे फोन याच काळात येतात. फोन कुणाचा, कोणत्या सालची गोष्ट, एवढं लगेच टिपा आणि तक्त्यातल्या रिकाम्या ओळीत भरा.