गन अडायला लागली की आधी झाकण बघा

पॉलिशचा पहिला हात झकास बसतो आणि दुसऱ्याला स्प्रे गन उचक्या द्यायला लागते, हे ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी लिहितोय. सीलर (पॉलिशखालचा अस्तराचा हात), घासकाम, थिनरचं माप हे तुम्हाला येतंच असं धरतो.

2019च्या महापुरानंतर सांगलीत फर्निचरची इतकी कामं निघाली, की नुकतीच गन धरायला लागलेल्या माझ्यासारख्यालाही स्वतंत्र काम मिळालं. गावभागात एका मावशींचं कपाट, सागाचं व्हिनियर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, वर पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश. दिवाळी तोंडावर. पॉलिशचा डबा वर असलेली गन, 1.4 मिमीचं नोझल म्हणजे माल बाहेर पडतो ते तोंड. डावं दार आरशासारखं उतरलं. उजव्या दाराच्या मध्यावर फवारा बारीक झाला, मग तुटक, मग नुसती हवा.

डबा उघडला. माल निम्मा शिल्लक. काडीनं ढवळला, झाकण लावलं, घोडा दाबला तर गन एकदम मस्त! म्हटलं, माल घट्ट झाला असणार. मिनिटभरात पुन्हा तेच. पुन्हा उघडलं, थोडं थिनर सोडलं, पुन्हा चालू. असं चार वेळा. प्रत्येक वेळी ‘बघा, थिनरनं फरक पडला’ म्हणत स्वतःचीच समजूत घातली. शेवटी माल पाण्यासारखा झाला आणि दारावर तीन ओघळ आले. दुसऱ्या दिवशी नवा सुई-नोझलचा सेट आणला. पैसे गेले, गन तशीच.

मग ज्यांच्याकडं काम शिकलो त्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी गनला हातही लावला नाही. झाकण काढून खिडकीकडे धरलं आणि विचारलं, “यातनं उजेड दिसतोय का?”

दिसत नव्हता. झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, ते वाळलेल्या पीयूनं बुजलं होतं. तेलाच्या 15 किलोच्या डब्याला आपण दोन भोकं का पाडतो? एकच पाडलं तर तेल गडगड करत अडकतं. गनचं तेच. डब्यातला माल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला हवी. ती आली नाही की आत ओढ तयार होते आणि माल वरच अडकून राहतो. खालच्या डब्याच्या गनलाही हे चुकलेलं नाही.

खरी मेख पुढे आहे. तुम्ही तपासायला झाकण उघडता, त्याच क्षणी हवा आत जाते आणि दोष तेवढ्यापुरता बरा होतो. त्यामुळे ढवळणं, थिनर, प्रेशर, जे काही त्या वेळी केलं असेल त्याला श्रेय मिळतं. म्हणून गन अडली की काहीही करू नका. गन सरळ धरा, झाकण फक्त अर्धा आटा सैल करा आणि पुठ्ठ्यावर मारून बघा. चालली, तर चोर सापडला. दात कोरायच्या काडीनं भोक साफ करा. काम संपल्यावर लगेच झाकणही थिनरनं धुवा. हार्डनर (पॉलिश कडक करणारं द्रव्य) घातलेला पीयू एकदा पक्का वाळला की थिनरला दाद देत नाही. शेल्फच्या खालच्या बाजूला मारताना गन तिरकी होते आणि माल झाकणाला लागतो, तिथंच हे सुरू होतं.

पहिल्यापासूनच थुंकत असेल आणि डब्यात बुडबुडे येत असतील तर मात्र नोझल सैल आहे, नाहीतर चिरलंय. फवारा एका अंगाला वाकत असेल तर एअर कॅप (नोझलवरची हवेची टोपी) अर्धा फेरा फिरवा. वाक उलटला तर कॅपचं भोक बुजलंय, तसाच राहिला तर नोझलमध्ये घाण आहे. कॅपमध्ये तार घालणाऱ्याला मी गन देत नाही. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवणाऱ्यालाही नाही, गळती रोखणारं आतलं पॅकिंग वाळून जातं. पावसाळ्यात लॅकर पॉलिश पांढरट पडायला लागलं तर गनला दोष देऊ नका, त्या दिवशी काम थांबवा. आणि कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज संध्याकाळी सोडा.

पीयू मारताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. हार्डनरची वाफ छातीत बसते. वाफ गाळणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क घ्या, बाकी सगळं उधारीवर चालेल.

मोबाईलवर ‘दोन मिनिटांत गन दुरुस्त’ बघून नोझल खोलायची घाई करू नका. मीही तेच केलं होतं. पण ‘नुसतं बघत राहा’ म्हणणारे सगळे मिस्त्री शहाणे असतात असंही नाही. आमच्यांनी पहिल्याच महिन्यात हे भोक दाखवलं असतं तर? विचारलं तेव्हा म्हणाले, “मिरजेच्या सतारवाल्यांचं लाखेचं पॉलिश कापडाच्या बोळ्यानं होतं, तिथं हातच गन. तुमच्याकडं भोकंच जास्त.” यावर काय बोलणार! तरी घाबरू नका, हात बसतो. पुठ्ठ्याच्या दहा-पंधरा खोक्यांवर मारलं की गनचा आवाज ओळखू येतो.

उजवं दार मी 320 नंबरच्या सँडपेपरनं पुन्हा घासलं, दोन दिवसांची मजुरी गेली. खालच्या कोपऱ्यात व्हिनियर जरा घासून गेलं, तिथं रंग जुळवून टचिंग केलंय. मावशी अजून पाहुण्यांना ते कपाट दाखवतात. मी तिथं असलो की गप्पा मारत त्या कोपऱ्यापुढे जाऊन उभा राहतो.