अन्नाची अ‍ॅलर्जी असताना घरी स्वयंपाक कसा शिकावा
अन्नाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने पहिला सराव चिरण्या-परतण्याचा नव्हे, तर वेष्टनावरील घटकसूची वाचण्याचा करावा. आणि ती प्रत्येक खरेदीच्या वेळी नव्याने वाचावी, कारण उत्पादक घटक केव्हाही बदलू शकतात. अ‍ॅलर्जी पदार्थातील प्रथिनांमुळे उद्भवते. शेंगदाण्यातील अशी प्रथिने भाजल्याने नष्ट होत नाहीत, त्यामुळे ‘नीट शिजवले की चालते’ हा समज जिवावर बेतू शकतो. ज्या तेलात अ‍ॅलर्जीचा पदार्थ तळला, ते तेलही वर्ज्यच मानावे. हात व भांडी साबण लावून धुवावीत. सॅनिटायझर जंतू मारतो, पण प्रथिने काढून टाकत नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. घरात इतरांसाठी तो पदार्थ शिजणार असेल, तर आपला स्वयंपाक आधी उरकावा आणि चिरण्याची फळी व उलथणे वेगळे ठेवावे.

पर्याय निवडताना मूळ घटकाचे काम ओळखावे: अंडे केवळ मिश्रण बांधण्यासाठी असेल, तर १ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात भिजवून वापरता येते, मात्र पदार्थ फुगवण्याचे काम ती करत नाही.

डॉक्टरांनी एपिनेफ्रिनचे (तीव्र अ‍ॅलर्जीत तातडीने घ्यायच्या औषधाचे) इंजेक्शन लिहून दिले असल्यास ते स्वयंपाक करताना हाताशी ठेवावे.